घाटावरचा बॅटमॅन, घाटाखालचा हल्क

सुपरमॅन आणि हल्क यांची जुंपली तर कोण जिंकेल, या प्रश्नाचा निकाल १९९६ साली मतदानाने लागला. अमेरिकेतल्या डीसी आणि मार्व्हल या दोन कॉमिक कंपन्यांनी, म्हणजे एकीकडे सुपरमॅन-बॅटमॅन आणि दुसरीकडे हल्क-स्पायडरमॅन पोसणाऱ्या दोन घराण्यांनी, चार अंकांची एक मालिका मिळून काढली. अकरा लढती लावल्या. त्यांतल्या पाचांचा निकाल वाचकांच्या मतांवर सोडला. सुपरमॅन निवडून आला. बॅटमॅनने मार्व्हलच्या कॅप्टन अमेरिकाला पाडलं. डीसीची वंडर वुमन मात्र मार्व्हलच्या स्टॉर्मकडून पडली. डीसीचा लोबो नावाचा आडदांड परग्रहवासी आणि मार्व्हलचा वूल्व्हरीन मारामारी करत बारच्या काउंटरमागे गेले आणि थोड्या वेळाने वूल्व्हरीन एकटाच बाहेर आला. मागे काय घडलं ते वाचकाला दिसलंच नाही. ग्रामपंचायतीच्या निवडणुका जवळून पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटण्याचं कारण नाही.

मतदानाच्या पाच लढतींत मार्व्हलला तीन, डीसीला दोन. उरलेल्या सहा संपादकांनी आपसात ठरवल्या आणि त्या बरोब्बर तीन-तीन अशा वाटल्या गेल्या. म्हणजे अंतराळ हादरवणारे वीर, वीज फेकणारे देव, विश्वांचा अंत वगैरे सगळं वरवरचं. आत चाललेला प्रकार होता मानपानाचा. वरपक्ष आणि वधूपक्ष एका मांडवात आले की जो प्रश्न जेवणाच्या पहिल्या पंगतीत उभा राहतो, तोच प्रश्न दोन कॉमिकविश्वं एका पानावर आली की उभा राहतो: आधी कोण?

हे १९७६ पासून चालू आहे. त्या साली सुपरमॅन आणि स्पायडरमॅन पहिल्यांदा एका अंकात आले. सुपरमॅनने मनावर घेतलं तर स्पायडरमॅनची लढत एका चौकटीत आटोपावी, पण तसं केलं तर स्पायडरमॅनच्या घरच्यांनी पुस्तक छापू दिलं नसतं. म्हणून लेखकाने लेक्स लुथर या खलनायकाकरवी स्पायडरमॅनवर लाल सूर्याच्या किरणांचा मारा करवला. त्या बळावर कोळ्याच्या पोराने सुपरमॅनला चांगलं बुकलून काढलं. किरणांचा असर ओसरला तेव्हा त्याचाच हात दुखावला. दोन्ही घरांची अब्रू राहिली.

कागदावर हे जमतं, कारण निकाल लिहिणारा हात एक असतो. ऑनलाइन खेळात मात्र एकाच नगरात हजारो लोक एकाच वेळी उतरलेले असतात आणि त्यांतल्या प्रत्येकाला आपणच सुपरमॅन व्हायचं असतं. दुय्यम भूमिका करायला कोणी इंटरनेटचं रिचार्ज मारत नाही. असा खेळ आखणाऱ्याचं निम्मं आयुष्य ताकदीच्या वाटणीत जातं. कोणी मार खायचा, कोणी मारायचा, कोणी मागे उभं राहून जखमा बऱ्या करायच्या? २००४ साली आलेल्या ‘सिटी ऑफ हीरोज’ या खेळाने पाच जाती पाडल्या होत्या. त्यात ‘टँकर’ जातीचं काम पुढे उभं राहून सगळ्यांच्या वाट्याचे फटके खाणं. उडण्याची, वाऱ्यासारखं पळण्याची विद्या चौदाव्या पातळीशिवाय मिळत नसे. तोवर अंगाला चिकटलेला पोशाख घातलेले हे महावीर शहरभर पायी हिंडत. पास संपलेल्या कॉलेजकुमाराची अवस्था याहून वेगळी नसते.

त्या खेळाची खरी गंमत पोशाख बेतण्यात होती. रंग निवडा, मुखवटा निवडा, अंगकाठी निवडा. लोकांनी पहिल्याच फटक्यात काय केलं असेल? हिरवे, आडवे, चड्डीवरचे राक्षस केले. मग नोव्हेंबर २००४ मध्ये मार्व्हलने दावा ठोकला: तुमच्या खेळात आमच्या हल्कसारखे, वूल्व्हरीनसारखे लोक हिंडतात. सुनावणीत पुढे आलं की पुराव्यादाखल दिलेले काही नमुने मार्व्हलच्याच माणसांनी खेळात शिरून बनवले होते. कोर्टाने ते बाजूला काढले. डिसेंबर २००५ मध्ये तडजोड झाली. खेळ २०१२ साली बंद पडला, पण चाहत्यांनी तो जिवंत ठेवला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांना मूळ कंपनीकडून रीतसर परवानाही मिळाला. ‘सुपरहिरो’ हा शब्दसुद्धा डीसी आणि मार्व्हलने अमेरिकेत ट्रेडमार्क म्हणून भागीदारीत राखून ठेवला होता. सात-बाराच्या उताऱ्यावर दोघांचं नाव. सप्टेंबर २०२४ मध्ये तो उतारा रद्द झाला, कारण आव्हान दिल्यावर दोघांपैकी कोणी वेळेत उत्तरच दिलं नाही.

आता शब्द मोकळा झाला आहे. तेव्हा दोन विश्वं एकत्र नांदवणारा खेळ कोणाला आखायचाच असेल, तर त्याने जागा शोधत फार लांब जाऊ नये. मलकापूरला रेल्वेतून उतरावं.

बुलढाणा जिल्ह्यात तेरा तालुके आहेत आणि विश्वं दोन: घाटावर आणि घाटाखाली. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर खाली, काळ्या मातीत, पूर्णेच्या अंगाने. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा वर. मधून अजिंठ्याचे डोंगर गेलेले. मोताळ्याकडून राजूर घाट चढला की हवा बदलते आणि माणूस खिडकीची काच वर करतो. खालच्यांना वरचे थोडे सुस्त वाटतात, वरच्यांना खालचे थोडे तापट. आडनावं, पिकं, भाजीतलं तिखट, बोलण्याचा हेल, सगळं थोडं थोडं बदलतं. खेळाच्या भाषेत याला दोन ‘झोन’ म्हणतात आणि ते बनवायला अमेरिकेतल्या कंपन्या करोडो खर्च करतात. इथे ते भूगर्भाने फुकट करून ठेवलं आहे.

पोशाखाचा प्रश्नही घाट सोडवतो. बॅटमॅनचा पोशाख काळा, जाड, कानाच्या टोकापर्यंत बंद. मे महिन्यात दुपारी दोन वाजता शेगाव स्टेशनबाहेर हा माणूस दहा मिनिटं उभा राहिला तर त्याचा वैरी जोकर याला काही करावं लागणार नाही. त्याची नेमणूक घाटावरच हवी. बुलढाणा शहराची हवा थंड म्हणून इंग्रजांनी जिल्ह्याचं ठाणं तिथे केलं, तिथे त्याचं भागेल. घाटाखाली हल्क. अंगावर फाटकी चड्डी, बाकी मोकळं. मलकापूरच्या उन्हाळ्यात याहून शहाणा पोशाख नाही.

मुखवट्याचं मात्र अवघड आहे. न्यूयॉर्कमध्ये डोळ्यांभोवती चार बोटं पट्टी बांधली की सख्खी मैत्रीण ओळखत नाही. इकडे चालण्यावरून ओळखतात. गल्लीच्या तोंडाशी भारदस्त आवाजात “मी बॅटमॅन” असं म्हणणाऱ्याला ओट्यावरून पहिला प्रश्न येणार, “कोनाचा रे तू?” आणि त्याने उत्तर द्यायच्या आत दुसरा ओटा सांगणार, “अबे, तो पाटलाचा मधला नाही का, पुण्याले होता तो.” गुप्त ओळख ही महानगरातली चैन आहे. अपवाद एप्रिल-मे. तेव्हा खामगावच्या बाजारात भर दुपारी जावं: स्कूटीवरच्या मुली, भाजीवाल्या, बँकेतले साहेब, सगळ्यांची तोंडं दुपट्ट्यात, रुमालात गच्च गुंडाळलेली, फक्त डोळे उघडे, त्यांवर गॉगल. अख्खा तालुका सुपरहिरो झालेला असतो आणि कोणीच कोणाला ओळखत नाही. खेळातली मोठी लढाई याच हंगामात लावावी.

ताकद येणार कुठून, हा पुढचा प्रश्न. अमेरिकन गोष्टीत उल्का लागते. ‘स्मॉलव्हिल’ या २००१ पासून दहा वर्षं चाललेल्या मालिकेत कॅन्ससमधल्या एका खेड्यावर उल्कांचा पाऊस पडतो आणि गावकऱ्यांत भलभलत्या शक्ती येतात. ते सगळं खोटं. खरी उल्का लोणारला पडली. बेसॉल्टच्या खडकात आदळून तिने सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर केलं. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली आणि पुढे कितीतरी वर्षं तज्ज्ञ त्याला ज्वालामुखीचं तोंड समजत राहिले. आत खारं, अल्कधर्मी पाणी साचलं. त्यातून निघणाऱ्या क्षारांचे लोकांनी प्रकार पाडले, त्यांना पापडी, भुसकी अशी नावं दिली आणि साबण-काचेच्या धंद्याला ते विकले. स्मॉलव्हिलच्या पोरांच्या डोळ्यांतून ज्वाळा निघाल्या, लोणारातून पापडखार निघाला. कोणत्या गावाचा संसार अधिक धड चालला असेल, ते वाचकाने ठरवावं.

शिवाय इथे खलनायक आयता. लवणासुर, किंवा लोकांच्या तोंडचा लोणासुर, जमिनीखाली दडून बसलेला. विष्णूने देखण्या तरुणाचं रूप घेतलं, राक्षसाच्या दोन बहिणींना वश केलं, त्यांच्याकडून ठावठिकाणा काढला आणि पायाच्या अंगठ्याने त्या बिळाचं झाकण उडवलं. ते झाकण दूर जाऊन पडलं आणि त्याची टेकडी झाली, अशी कथा आहे. लोणार गावातलं दैत्यसूदन मंदिर त्याच विष्णूचं. पटकथेच्या दृष्टीने यात काही कमी नाही: भूमिगत अड्डा, वेशांतर, घरभेदी, आणि शेवटी एक दणका. त्याच काठावर सीतेची न्हाणीही दाखवतात, म्हणजे रामायणाचं विश्वही येऊन मिळालं. दोन विश्वांचा मिलाफ म्हणून डीसी-मार्व्हलने १९९६ मध्ये बॅटमॅन आणि वूल्व्हरीन एकत्र कालवून ‘डार्क क्लॉ’ काढला आणि केवढा गाजावाजा केला. लोणारच्या काठावर पुराण, रामायण आणि भूशास्त्र शेजारी शेजारी राहतात आणि वकील कोणीच लावलेला नाही. जून २०२० मध्ये पाणी अचानक गुलाबी झालं तेव्हा चौथं विश्वही डोकावून गेलं. पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितलं की खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग. खेळ आखणाऱ्याने हे वाक्य ऐकून घ्यावं आणि तळ्याचा रंग तसाच ठेवावा.

उडण्या-पळण्याच्या विद्येसाठी नमुना ज्ञानगंगेच्या जंगलात मिळाला. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक नर वाघ, कागदोपत्री नाव टी१सी१, गळ्यात पट्टा घालून २०१९ मध्ये बाहेर पडला. तेलंगणात डोकावला, पुन्हा महाराष्ट्रात आला, शेतं, नाले, महामार्ग ओलांडत वर्षअखेरीस बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. सगळी भटकंती धरून सुमारे तीन हजार किलोमीटर. लोकांनी त्याला ‘वॉकर’ म्हटलं, आणि हे नाव मार्व्हलच्या यादीत सहज खपून गेलं असतं. हेतूही वीरोचित: आपला मुलूख शोधणं आणि जमल्यास जोडीदारीण. ज्ञानगंगा २०५ चौरस किलोमीटरची, शिकार भरपूर, पण तेव्हा तिथे वाघीण एकही नव्हती. बाहेरून स्थळ आणावं का, यावर वनखात्यात विचारही झाला. चौदाव्या पातळीची वाट न पाहता निव्वळ पायांवर एवढं करणारा हा जिल्ह्यातला एकमेव पाहुणा.

इथवर सगळं सुरळीत चालतं. अडतं ते मारुतीपाशी.

नांदुऱ्याला महामार्गालगत १०५ फुटी मारुती उभा आहे. लोणारला अंबर तळ्यापाशी दुसरा, आडवा पहुडलेला. त्याच्या दगडात चुंबकाचा गुण आहे म्हणतात. उडणं, आकार बदलणं, डोंगर उचलणं, शेपटीने शहर पेटवणं: हल्क आणि सुपरमॅन एकत्र करून वर थोडं अधिक. कॉपीराइट नाही. परवाना नको. मग अडचण काय? अडचण २००९ मध्ये दिसली. त्या साली सोनीने प्लेस्टेशन-२ साठी ‘हनुमान: बॉय वॉरियर’ आणला. तो हैदराबादेत तयार झालेला, संपूर्णपणे भारतात घडलेला पहिला प्लेस्टेशन खेळ. अमेरिकेतल्या एका हिंदू संघटनेच्या प्रमुखांनी आक्षेप घेतला की भक्ताने देवाच्या इच्छेने चालायचं असतं, इथे देव पोराच्या अंगठ्याच्या इच्छेने चालतो. खेळ मागे घ्या. आक्षेपाशी सहमत व्हा किंवा नको, मुद्दा बिनतोड आहे. आणि पोराचा अंगठा चुकला की देव खड्ड्यात पडतो, हे आणखी वाईट. अमेरिकेत दोन विश्वांच्या मध्ये वकील उभा असतो. आपल्याकडे त्या जागी भावना उभ्या असतात आणि त्या तारीख घेत नाहीत. सिंदखेड राजात तर हे दुप्पट खरं. लखुजी जाधवांच्या वाड्यात, जिथे १५९८ मध्ये जिजाऊंचा जन्म झाला, तिथे खेळाची बटणं घेऊन जाण्याचा विचार शहाण्या माणसाने करूच नये. शेगावच्या गजानन महाराजांबद्दलही तेच.

तोडगा पुण्यात निघाला. नॉडिंग हेड्स या पुण्याच्या स्टुडिओने २०२० मध्ये ‘राजी’ नावाचा खेळ काढला. त्यात खेळणारा देव होत नाही, राजी नावाची सर्कशीतली मुलगी होतो. तिचा धाकटा भाऊ राक्षसांनी पळवला आहे. दुर्गा तिला शस्त्र देते. दुर्गा आणि विष्णू वरून तिची गोष्ट सांगतात, मधूनच एकमेकांना टोमणेही मारतात. देव निवेदनात, माणूस मातीत. खड्ड्यात पडली तर राजी पडते, देवाला धक्का नाही. मजा अशी की अमेरिकनांनीही २०११ च्या ‘डीसी युनिव्हर्स ऑनलाइन’मध्ये नेमकं हेच केलं होतं: सुपरमॅन व्हायला मिळत नाही, सुपरमॅनचं शिष्यत्व मिळतं. तिकडे प्रत्येकालाच सुपरमॅन व्हायचं असतं म्हणून, इकडे भक्तीच्या धाकाने. पोहोचले एकाच पारावर.

तेव्हा बुलढाण्याच्या खेळात थोरांनी वर राहावं, खेळणाऱ्याने साधं माणूस व्हावं. लोणारचं पाणी चुकून तोंडात गेलेला एसटीचा कंडक्टर. त्याला बघताक्षणी कळतं की कोण खोटं अर्धं तिकीट काढतंय. शेगावच्या स्टेशनवर कचोरी तळणारा. उकळत्या तेलाच्या कढईजवळ जन्म काढल्यामुळे आग त्याला शिवत नाही. कचोरीच मुळात मिलाफ आहे: १९५० च्या सुमारास पंजाबातून आलेल्या कुटुंबाने स्टेशनवर सुरू केली, वऱ्हाडाने तिखट पुरवलं. खेळात जीव कमी झाला की बाटलीतलं औषध पितात. इथे गरम कचोरी आणि सोबत तळलेली हिरवी मिरची द्यावी. मिरची खाल्ली तर ताकद दुप्पट, पण दहा सेकंद बोलता येणार नाही. चलन चांदीचं, कारण खामगाव ही रजतनगरी. मराठी विश्वातल्या पाहुण्यांनाही जागा हवी: सायकलवरून ‘ट्टॉक’ करत येणारा भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, बाबूराव अर्नाळकरांचा काळा पहाड, आणि समोर १९९० च्या ‘धडाकेबाज’मधला कवट्या महाकाळ. या तिघांच्या मालकांत मानपानावरून वाद होणार नाही असं नाही, पण चहावर मिटेल.

सगळ्या ऑनलाइन खेळांना दर काही महिन्यांनी ताकदीची फेरवाटणी करावी लागते. कंपनी जाहीर करते: अमुक जातीचा मारा कमी केला, तमुकची ढाल वाढवली. मग शिव्यांचा पाऊस. ही फेरवाटणी भेंडवळला सोपवावी. जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावात अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात गोल घट आखतात. भोवती अठरा प्रकारची धान्यं मांडतात: ज्वारी, तूर, मूग, सरकी, जवस. मध्ये खड्डा, खड्ड्यात मातीची चार ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने, त्यावर पाण्याची घागर, घागरीवर पुरी, पापड, कुरडई. पानाचा विडा म्हणजे राजाची गादी. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही. पहाटे वाघ घराण्यातली माणसं येऊन बघतात: कुठलं धान्य आत सरकलं, कुठलं बाहेर, ढेकूळ किती भिजलं, विडा जागेवर आहे का. त्यावरून पीकपाण्याचं, राजकारणाचं भाकीत, आणि ते ऐकायला पंचक्रोशीचे शेतकरी उभे. साडेतीनशे वर्षांची परंपरा सांगतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांचा अर्थातच विरोध आहे. पीक त्याप्रमाणे येतं की नाही हा वाद त्यांचा. खेळाच्या दृष्टीने पाहिलं तर जगातल्या एकाही कंपनीला ताकदीची वाटणी जाहीर करताना असा शांत बसलेला श्रोतृवर्ग मिळालेला नाही. मुगाचा दाणा बाहेर गेला, हल्कचा ठोसा एक आणा कमी. तक्रार कोणाकडे करणार?

मोहिमांची चणचण नाही. सर्वांत अवघड मोहीम खामगाव–जालना रेल्वेची. शंभरावर वर्षांची मागणी, सर्वेक्षणं झाली, आश्वासनं झाली, पिढ्या गेल्या. खेळात ती शेवटच्या पातळीवर ठेवावी. सुपरमॅन एका हाताने रूळ उचलेल, फ्लॅश क्षणात खडी पसरेल, पण भूसंपादनाच्या कागदाशी दोघेही थांबतील, कारण त्यावर कुठलीच महाशक्ती चालत नाही असं खेळाच्या नियमातच लिहिलेलं असेल. खेळणाऱ्यांना वास्तवाचा भास व्हावा म्हणून डिझायनर लोक किती धडपडतात!

राहता राहिलं वीरांचं मुख्यालय. त्यावर पहिल्याच बैठकीत काय होईल ते जिल्ह्यातला शाळकरी पोरगाही सांगेल. बुलढाण्याचा दावा की जिल्ह्याचं ठाणं आमचं. खामगाव म्हणणार, बाजारपेठ आमची, आम्हाला तर वेगळा जिल्हाच हवा आहे. मलकापूर म्हणणार, मुंबईची गाडी आमच्याकडे थांबते. शेगाव म्हणणार, भक्तनिवास आमच्याकडे, सगळ्यांची राहण्याची सोय होते. मेहकर-लोणार म्हणणार, उल्का कोणाच्या रानात पडली होती? मोताळ्याने, घाटाच्या पायथ्याशी बसून, कोणी विचारेल का म्हणून वाट पाहायची. तोवर बॅटमॅनने घाटावर, हल्कने घाटाखाली तात्पुरतं भाड्याने घर घ्यावं, आणि भाडेकरार अकरा महिन्यांचाच करावा.